लान हा बेवरची एक रात्र : कयाक, सायकल आणि मधला वेळ

मुंबईहून हनोईला थेट विमानं सुरू झाली, ई-व्हिसा घरबसल्या मिळायला लागला, आणि व्हिएतनाम आपल्याकडे भलतंच जवळ आलं. हनोईच्या ओल्ड क्वार्टरमध्ये संध्याकाळी एग कॉफी पीत बसलं तर शेजारच्या टेबलावर मराठी ऐकू येणार हे नक्की. आणि त्या प्रत्येक ग्रुपच्या कार्यक्रमात एक ओळ ठरलेली असते : 'हा लाँग बे, एक रात्र क्रूझ, कयाकिंग, सायकलिंग, ताई ची.'

मी साताऱ्यात शाळेत खेळ शिकवते. जाहिरातीत 'ॲक्टिव्ह क्रूझ' असं वाचलं की पहिला प्रश्न डोक्यात येतो, म्हणजे नेमकं किती वेळ? साहित्य कसलं, अंतर किती, पोहता न येणाऱ्याचं काय, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. हा रिव्ह्यू त्याच अंगाने लिहिलाय. केबिनमधल्या बाथटबचे आणि टॉवेलच्या हंसांचे फोटो तुम्हाला इतरत्र शेकड्याने मिळतील.

निकाल आधीच सांगून टाकते. दुपारी बाराच्या सुमारास बोटीवर चढवतात आणि दुसऱ्या दिवशी अकरा-साडेअकराला उतरवतात. या सगळ्या वेळात हातपाय हलवायचे तास चार, फार तर साडेचार. बाकी खाणं, झोपणं, डेकवर बसणं आणि 'पुढचा कार्यक्रम किती वाजता?' हे एकमेकांना विचारणं. तरी पैसे वसूल झाले का? झाले. पण लान हा बेच्या, म्हणजे हा लाँगला लागूनच असलेल्या कमी गर्दीच्या उपसागराच्या, बाजूने गेलो म्हणून झाले, आणि कयाक स्वतः वल्हवायला मिळाली म्हणून झाले.

आम्ही तिघं होतो. मी, नवरा, आणि मोठ्या जाऊबाई. नवरा वर्षभर अजिंक्यतारा चढतो-उतरतो, दमाला कमी नाही, पण पाण्यात पाय टेकला नाही तर चेहरा पांढरा पडतो. जाऊबाई साठी ओलांडलेल्या, एका गुडघ्याची तक्रार, आणि शाकाहारी म्हणजे कांदा-लसूण चालेल पण माशाचा वास नको. एका क्रूझने या तिघांना सांभाळायचं म्हणजे परीक्षाच.

हा लाँग की लान हा

ही निवड बुकिंग करतानाच करायची असते, आणि बहुतेक एजंट ती तुमच्यापर्यंत येऊच देत नाहीत. हा लाँग बे हा क्वांग निन्ह प्रांतातला मुख्य, नावाजलेला भाग. 1994 मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. तिथलं ठरलेलं वेळापत्रक म्हणजे सुंग सोत गुहा आणि 'ती तोप' नावाचं बेट. 'ती तोप' हे नाव गेरमान तितोव या सोव्हिएत अंतराळवीराचं. 1962 मध्ये तो हो ची मिन्ह यांच्याबरोबर इथे आला होता. बेटाच्या टोकावर जायला चारशेच्या वर पायऱ्या आहेत, आणि एकाच वेळी पाच-सहा बोटींची माणसं त्या पायऱ्यांवर असतात. आमच्या ओळखीचं एक कुटुंब त्या बाजूने जाऊन आलं. वरून दिसतं ते अप्रतिम, पण चढताना पुढच्याच्या टाचेवर पाय पडतो, असा त्यांचा अहवाल.

लान हा बे हा त्याचाच दक्षिणेकडचा भाग, कॅट बा बेटाला बिलगलेला, आणि प्रशासन हायफाँग शहराचं. चुनखडीचे डोंगर तेच, पाणी तेच, बोटी मात्र कमी. 2023 च्या सप्टेंबरमध्ये जागतिक वारशाची हद्द वाढवून कॅट बाचा द्वीपसमूहही त्यात घेतला, त्यामुळे 'खरा वारसा तिकडेच आहे' हे एजंटचं वाक्य आता शिळं झालंय. इथे लहान लहान वाळूच्या पुळणी आहेत, कयाकला शिरता येईल अशा खाचाखोचा आहेत, आणि व्हिएत हाय नावाचं गाव आहे जिथे सायकलने जाता येतं. हातपाय हलवायचे असतील तर हीच बाजू.

माणशी खर्च साधारण तेरा हजार रुपये आला. त्यात हनोईहून जाण्यायेण्याची व्हॅन, केबिन, चार वेळचं खाणं, कयाक आणि सायकल धरलेली. याहून बऱ्याच स्वस्त आणि याच्या तिप्पट महागही बोटी आहेत. मध्यम दर्जाची घेतली तर फारसं चुकत नाही.

तिथपर्यंत

हनोईहून सकाळी आठच्या सुमारास व्हॅन. तिला तिकडे 'लिमोझिन' म्हणतात. भारी नाव, प्रत्यक्षात ऐसपैस खुर्च्यांची नऊ-दहा जणांची गाडी. हायफाँगपर्यंत एक्स्प्रेसवे आहे, पुढे साडेपाच किलोमीटरच्या आसपास लांबीचा समुद्रावरचा पूल, आणि मग धक्का. वाटेत अर्ध्या तासासाठी एका मोत्यांच्या दुकानाशी थांबवतात. स्वच्छतागृह दुकानाच्या अगदी मागच्या टोकाला, म्हणजे सगळ्या काचेच्या कपाटांमधून वळसा घालूनच जायचं. जाऊबाईंनी दोन कपाटं मन लावून बघितली, किमतीची चिठ्ठी उलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "हैदराबादला बरे मिळतात." तिथून पुढे निघालो.

धक्क्यावर अर्धा-पाऊण तास बसावं लागतं. मग लहान टेंडर बोटीतून मोठ्या बोटीकडे. टेंडरमध्ये लाइफ जॅकेट घालायला सांगतात, आणि पट्टे लागलेत की नाही हे एक पोरगा ओढून बघत होता. मला ते आवडलं. नुसतं अंगावर लटकवलेलं जॅकेट पाण्यात माणसाच्या आधी वर येतं.

सायकल : व्हिएत हाय

जेवण आटोपून तीनच्या आसपास आम्हाला व्हिएत हायच्या धक्क्यावर उतरवलं. हे गाव कॅट बा राष्ट्रीय उद्यानाच्या आत, चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या खोलगट जागेत आहे. धक्क्यापासून गावापर्यंत पाचेक किलोमीटर. ज्यांना सायकल नको त्यांना बॅटरीवर चालणाऱ्या उघड्या गाड्या आहेत.

सायकली रांगेत लावून ठेवलेल्या. मी सवयीने आधी ब्रेक दाबून बघितले. पहिलीचा पुढचा ब्रेक नुसता नावाला. दुसरीची सीट वर होईना. तिसरी बरी मिळाली. तुम्हीही हे करा, लाजू नका. गिअर आहेत, पण साखळी गंजल्यामुळे बदलताना कडकड आवाज येतो, तेव्हा एका गिअरमध्ये टाकून विसरून जा. रस्ता सिमेंटचा, अरुंद, चढउतार मामुली. मध्ये एक छोटा बोगदा लागतो. आत शिरताच गार हवा, पुढचं काही दिसत नाही, आणि सगळ्या देशांची माणसं एकाच सुरात घंटी वाजवायला लागतात. आपल्याकडे कात्रजच्या जुन्या बोगद्यात पोरं ओरडतात, त्याचीच आठवण झाली.

बोगद्याच्या पलीकडे दोन्ही बाजूंना गच्च हिरवे सरळसोट कडे, आणि मध्ये रस्ता. नवरा इथे खुलला. पाणी नाही, चढ आहे, अजून काय पाहिजे? आम्ही दोघं गटाच्या पुढे निघून गेलो आणि गाइडने मागून हाका मारल्या. गटात सगळ्यात मागे असलेल्याच्या गतीने सगळ्यांनी जायचं, हा नियम मी स्वतः पोरांना शिकवते, म्हणून गुमान थांबले.

गावात फार काही नाही. शंभरएक घरांची वस्ती, भाजीचे वाफे, म्हशी, एक-दोन जुनी मातीची घरं पाहुण्यांसाठी राखलेली, माशांच्या टाक्यात पाय बुडवून बसायची सोय, आणि औषधी दारूच्या बरण्या ज्यांत काय काय बुडवून ठेवलंय ते न बघितलेलं बरं. अर्ध्या तासात सगळं बघून होतं. मजा गावात नाही, रस्त्यात आहे. जाऊबाई बॅटरीच्या गाडीने आल्या, त्यांना गावातल्या आजीबरोबर खुणांनी बोलत दुधीच्या वेलाबद्दल चौकशी करता आली आणि त्या खूश होत्या.

गाइडला विचारलं, "इथली ती सोनेरी डोक्याची माकडं दिसतात का?" कॅट बा लंगूर जगात फक्त या एका बेटावर उरलाय, संख्या शंभराच्या आत. तो हसला. "मॅडम, मी इथलाच. मला पण क्वचित." एवढं सरळ उत्तर देणारा गाइड मिळणं हेही नशीबच. दुसरा कोणी असता तर कुठल्यातरी झाडाकडे बोट दाखवून मोकळा झाला असता.

परतताना पोहायला म्हणून एका पुळणीशी थांबवलं. वीस मिनिटं. पाण्यात दोरी बांधून हद्द आखलेली, बाहेर एक माणूस शिट्टी घेऊन उभा. नोव्हेंबरचं पाणी गार होतं, पण सुसह्य. खडकाच्या कडेला जाऊ नका हे मात्र लक्षात ठेवा. पाण्याच्या रेषेवर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या कडा ब्लेडसारख्या. आमच्या गटातल्या एका युरोपियन मुलाने हात टेकवला आणि तळवा चिरून घेतला.

कयाक

आता मुद्द्याचं. कार्यक्रमपत्रिकेत कयाक पहिल्याच दुपारी लिहिली होती. बोटीवर गेल्यावर सांगितलं, उद्या सकाळी. लोकांनी कुरकुर केली. कारण विचारलं तेव्हा कळलं : भरती.

मालवण-देवबागच्या लोकांना हे सांगायला नको, पण आम्हा घाटावरच्यांना सांगायला हवं. आपल्या कोकणात दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या. इथे टोंकिनच्या आखातात बहुतेक दिवस एकच भरती आणि एकच ओहोटी येते, आणि मोठ्या उधाणाच्या दिवसांत पाणी तीन-चार मीटर वरखाली होतं. आम्ही जिथे जाणार होतो ती 'अंधारी-उजेडी गुहा' म्हणजे डोंगराच्या पोटातली एक बुटकी कमान. भरतीला कमानीखाली डोकं घालायला जागा राहत नाही. ओहोटी फार झाली तर आतलं पाणी उथळ होऊन तळ लागतो. मधली वेळ साधायची, आणि ती हुकली तर त्या दिवशी दुसरी संधी नाही. तेव्हा 'वेळ बदलू शकते' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते कंपनीचं लोणकढी कारण नाही. खरंच तसं असतं.

कयाक दोघांच्या, प्लॅस्टिकच्या, वर बसायच्या. उलटली तरी बुडत नाहीत. शिकवणी मिळाली ती जेमतेम दोन मिनिटांची : डावं, उजवं, थांब. हा माझा सगळ्यात मोठा आक्षेप. आमच्या गटात निम्म्या लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा वल्हं धरलं होतं. त्यांना कोणी सांगितलं नाही की जड आणि मजबूत माणूस मागे बसवायचा, कारण दिशा मागचा देतो. पुढच्याने फक्त ताल धरायचा. वल्ह्याचं पातं पूर्ण पाण्यात बुडवायचं, पायाच्या पंजापाशी टाकायचं आणि कमरेपाशी काढायचं. हाताने ओढत बसलं तर दहा मिनिटांत खांदे भरून येतात. पाय रोवून, कमरेतून वळून, पाठीने ओढायचं. हे एवढं ऐकून गेलात तरी तिथे निम्म्या गटाच्या पुढे राहाल.

मी नवऱ्याला पुढे बसवलं. जॅकेटचे पट्टे मी स्वतः आवळले, इतके की तो म्हणाला, "श्वास घेऊ का नको?" पहिली पाच मिनिटं तो वल्हं मारत नव्हता, वल्ह्याला धरून बसला होता. मी नुसतं "एक, दोन... एक, दोन" म्हणत राहिले, शाळेच्या मैदानावर कवायतीला म्हणते तसं. हळूहळू त्याचे खांदे खाली आले. मग ताल जमला आणि कयाक एकदम सुटली.

जवळ गेल्यावर त्या डोंगरांची खरी गंमत दिसते. मोठ्या बोटीवरून ते चित्रातले वाटतात. कयाकमधून त्यांची बुडं दिसतात. पाण्याच्या पातळीला चुनखडी आतून खात खात गेलेली असते, काही ठिकाणी मीटर-दोन मीटर खोल. वर अख्खा डोंगर, झाडाझुडपांसकट, त्या खाचेवर पुढे झुकलेला. बोटीवरूनच जाऊबाई म्हणाल्या होत्या, "अगं, ह्या डोंगरांना पायथाच न्हाई." अगदी बरोबर. आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरतो, त्याला पायथा असतो, माची असते. ही चुनखडी सह्याद्रीच्या कितीतरी आधीची, समुद्राच्या तळाशी साचलेली. पावसाच्या पाण्यात मुरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ती विरघळते, वरून भेगा पडतात, आतून गुहा होतात आणि खालून समुद्र खातो. त्या खाचेखाली कयाक नेली तर पाण्याचा 'चुबुक चुबुक' आवाज खडकावर आपटून दुप्पट ऐकू येतो. थेंब पडतो तो सरळ मानेवर.

कमानीत शिरताना डोक्यावर हातभर जागा होती. आत दहा-पंधरा वल्ही काळोख. टॉर्च नको, डोळे सरावतात. आणि मग एकदम गोल मोकळी जागा : चारही बाजूंना उभे कडे, वर आभाळाचा तुकडा, खाली हिरवं स्थिर पाणी. गाइडने सगळ्यांना वल्ही वर घ्यायला सांगितली. जवळजवळ मिनिटभर सगळे गप्प बसले. नवऱ्याने पहिल्यांदाच वल्हं सोडून दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग एका कोरियन आजोबांना शिंक आली, ती चारही कड्यांवरून परत आली आणि सगळे हसले.

एकूण कयाक पन्नास मिनिटं, जाहिरातीत दीड तास. हा फरक कंपनीने कुठेही कबूल केला नाही. विचारलं तर, "उतरायची वेळ झाली, केबिन साफ करायच्या असतात." खरी गोम तीच आहे. तुम्ही उतरल्यावर तासाभरात पुढचे प्रवासी चढतात, आणि एका रात्रीच्या क्रूझमध्ये प्रत्येक गोष्ट त्या दोन वेळांच्या मध्ये कोंबलेली असते. आणखी एक : ज्यांना वल्हवायचं नाही त्यांच्यासाठी बांबूची होडी असते, गावातली बाई वल्हवते. जाऊबाई त्यात बसल्या. ती सोय चांगलीच आहे. पण केस पिकलेले दिसले की स्टाफ आपण होऊन बांबूच्या होडीकडे वळवतो. ठणकावून 'कयाक' म्हणा.

पाण्यावर कचरा आहे का? आहे. गुहेच्या आत नव्हता, बाहेर मत्स्यशेतीच्या तरंगत्या पिंजऱ्यांजवळ पांढऱ्या थर्माकोलचे तुकडे भरपूर. त्या पिंजऱ्यांना तरंगतं ठेवायला पूर्वापार थर्माकोलचे ठोकळे वापरत आले, ते झिजतात, तुटतात. 2024 च्या सप्टेंबरात यागी वादळ याच किनाऱ्यावर आदळलं तेव्हा कितीतरी पिंजरे मोडले. आता प्लॅस्टिकची पिंपं आलेली दिसतात, पण सगळीकडे नाही.

रात्र

संध्याकाळी स्प्रिंग रोल करायला शिकवतात. तांदळाचा पातळ कागद ओला करून त्यात भाजी गुंडाळायची. जाऊबाईंनी पातोळ्यांच्या हाताने असे काही सुबक केले की शेफने ताट फिरवून सगळ्यांना दाखवलं.

जेवणाबद्दल शाकाहारी वाचकांना : बुकिंगच्या वेळीच 'आन चाय' असं कळवा, तिकडे शाकाहाराला तसं म्हणतात, आणि बोटीवर चढल्यावर पुन्हा सांगा. नुसतं 'नो मीट' म्हटलं तर मांस वगळून माशाचं पाणी, म्हणजे नुओक माम, बिनदिक्कत घालतात. त्यांच्या लेखी ते मिठासारखं आहे. आम्हाला वेगळं ताट आलं : टोफू, लसणीवर परतलेली पाणपालक, मशरूम, भात, भोपळ्याचं सूप. दुसऱ्या सकाळीही टोफूच. चव बरी, पण तिखटाची सवय असेल तर शेंगदाण्याची चटणी सोबत न्या. आमची डबी शेजारच्या टेबलावर फिरून रिकामी होऊन परत आली.

पेयं बिलात वेगळी लागतात, पाण्याची बाटली सुद्धा. केबिनमध्ये दोन फुकट, पुढची विकत. लाख डाँगला आपले साधारण साडेतीनशे रुपये, हा हिशेब डोक्यात ठेवा, नाहीतर शून्यांच्या गर्दीत नारळपाणी कितीला पडलं ते कळत नाही.

रात्री स्क्विड पकडायला बसवतात. बोटीच्या मागच्या बाजूला हिरवा दिवा पाण्यात सोडतात, हातात बांबूची काठी देतात, आणि वर-खाली वर-खाली करत राहायचं. आमच्या वेळी कोणाला काही मिळालं नाही. ते सोडून वरच्या डेकवर जा. आजूबाजूला नांगर टाकलेल्या बोटींचे दिवे दिसतात, कारण रात्री थांबायच्या जागा सरकारने ठरवून दिलेल्या आहेत आणि सगळ्यांना तिथेच यावं लागतं. एकांत हवा असेल तर तो तुम्हाला मिळणार नाही. दहा वाजेपर्यंत एका बोटीवर कराओके चालू होतं. नंतर शांतता, पण जनरेटरची घरघर रात्रभर. केबिन बोटीच्या मागच्या टोकाची नको, मधली किंवा पुढची मागा. बोट हलत अजिबात नाही, चारही बाजूंनी डोंगरांचा आडोसा आहे. ज्यांना बोट लागते त्यांनी निर्धास्त असावं.

सकाळी सहाला डेकवर ताई ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम. शिकवणारा तरुण मनापासून शिकवत होता, पण अर्धे लोक मोबाइल धरून. चांगल्या व्यायामाचं फोटोत रूपांतर कसं करावं याचा हा नमुना. जाऊबाईंना मात्र मानवलं, गुडघ्याला झेपतं म्हणाल्या.

सुरक्षितता आणि हवामान

हे वगळून रिव्ह्यू लिहिणं बरोबर नाही. 2025 च्या 19 जुलैला हा लाँग बेमध्ये अचानक आलेल्या वादळात दिवसाच्या फेरीची एक पर्यटक बोट उलटली आणि पस्तीसहून अधिक माणसं गेली. त्यामुळे मी केबिनमध्ये शिरल्या शिरल्या जॅकेट कुठे आहेत ते बघितलं (कपाटात, वरच्या फळीवर, आधी खाली काढून ठेवली), खिडकी उघडते का ते बघितलं आणि जिन्यापर्यंतचं अंतर डोळ्यांत घालून ठेवलं. बोटीवर सुरक्षेची माहिती दिली, पण ती वेलकम ड्रिंकबरोबर, म्हणजे निम्मे लोक ग्लासातली छत्री काढण्यात दंग. ती आधी द्यावी आणि ड्रिंक मागून द्यावं, असं मी अभिप्रायाच्या कागदावर लिहून आले.

जून ते सप्टेंबर हे वादळांचे दिवस. बंदर अधिकारी फेरी रद्द करू शकतात, आणि करतात. तेव्हा पैसे परत मिळतात की पुढची तारीख, हे लेखी घ्या आणि हनोईहून परतीचं विमान त्याच संध्याकाळचं ठेवू नका. जानेवारी ते मार्चमध्ये धुकं आणि रिपरिप. फोटो गूढ येतात, कयाकमध्ये मात्र काकडायला होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, त्याखालोखाल एप्रिल.

मग घ्यावी का?

घरातली वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या ताकदीची माणसं एकत्र जाणार असाल तर घ्यावी. आमच्या तिघांना तीन वेगळ्या गोष्टी आवडल्या, आणि कोणालाही कोणासाठी मन मारावं लागलं नाही. बुकिंग करताना चार गोष्टी विचारा : मार्ग लान हाचा आहे ना, कयाक स्वतः वल्हवायची की बांबूची होडी, प्रत्यक्ष पाण्यावर किती मिनिटं, आणि सायकल पॅकेजात आहे की तिथे जाऊन वेगळे पैसे. उत्तर 'येस येस' असं आलं तर तोच प्रश्न लिहून पाठवा. बरोबर पट्टा असलेल्या सँडल हव्यात, स्लिपर कयाकमध्ये पायातून निघून जाते.

पण तुम्ही दर रविवारी सज्जनगड-यवतेश्वर करणाऱ्यांपैकी असाल, बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडून वासोटा चढणाऱ्यांपैकी असाल, तर हे चार तास तुम्हाला पुरणार नाहीत. तुम्ही क्रूझच्या नादी लागू नका. हनोईहून बस आणि फेरीबोटीने सरळ कॅट बा गावात जा, तिथे साध्या हॉटेलात दोन रात्री राहा. धक्क्यावरून रोज दिवसाच्या बोटी निघतात, त्यात कयाक असते, दुपारपर्यंत पाण्यावर राहता येतं, आणि माणशी खर्च क्रूझच्या पावपटही होत नाही. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय उद्यानातली पायवाट चालता येते, जंगलातून थेट व्हिएत हायला उतरणारी. आमच्या गाइडने ती वाट बोगद्यापुढच्या वळणावर हाताने दाखवली होती, आणि नवरा तिथे सायकल उभी करून बराच वेळ वर बघत राहिला. तेव्हा आमचं पुढच्या वेळचं ठरलेलं आहे. जाऊबाई म्हणतात, तुम्ही चढा, मी गावात भाजीवाल्या आजीकडे थांबते.